इंद्रायणीच्या काठचे तेरा दिवस

श्रीतुकोबारायांचे चरित्र वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. १६०८ सालचा देहूचा जन्म, बोल्होबा-कनकाईंचे घर, वाण्याचा व्यवहार, सुखाची पहिली वर्षे, मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. अन्न अन्न करीत पहिली बायको गेली, मूल गेले, दिवाळे निघाले. हे सारे आपण कीर्तनात ऐकतो. आम्हांला आज बोलायचे आहे ते त्यानंतर गावाने त्यांचे काय केले, याविषयी.

दिवाळे निघालेल्या माणसाला गाव सोडते काय? चारचौघांत त्याची हेटाळणी होते. चावडीवर विषय तोच, पाणवठ्यावर विषय तोच. आज हातातल्या मोबाईलवर घटकेत सारा मुलूख जमतो एवढाच फरक. जीभ तीच आहे. तुकोबांनी वडिलोपार्जित कर्जखते काढली, धाकट्या कान्होबांच्या वाट्याची त्यांना दिली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. ज्यांचे देणे फिटले त्यांनी तरी चांगले म्हणावे! पण लोकांनी वेडा ठरवले.

पुढे अभंग होऊ लागले, कीर्तनाला माणसे जमू लागली, तसा रोष वाढला. देहूतच मंबाजी गोसावी राहत. तुकोबांची म्हैस त्यांच्या बागेत शिरली, एवढ्या निमित्ताने त्यांनी काटेरी फांद्यांनी महाराजांना झोडपले, असे महीपतिबोवा सांगतात. त्या रात्री मंबाजी कीर्तनाला दिसले नाहीत, तेव्हा महाराज स्वतः जाऊन त्यांना बोलावून आले. मार देणाऱ्याची जागा कीर्तनात रिकामी राहिली, ती त्यांना खुपली.

मग वाघोलीचे रामेश्वरभट. विद्वान, कर्मठ, आणि आपण धर्म राखतो आहोत अशी मनोमन खात्री असलेले. शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघतो हे त्यांना सोसेना. वरपर्यंत तक्रार गेली, गावचा पाटील रागावला, लोक फिरले. आता भीक तरी कोण घालील, अशी व्यथा महाराजांच्या अभंगांतच आहे. शेवटी वह्या बुडवाव्या लागल्या. दगड बांधून त्या इंद्रायणीत सोडल्या.

तेव्हा गाव काय म्हणाले ते ऐका. आधी खते बुडवून प्रपंच बुडवला, आता अभंग बुडवून परमार्थही बुडवला! ज्या नदीत लोकांचे कर्ज सोडून दिले, त्याच नदीच्या काठी ही थट्टा ऐकावी लागली. वह्या गेल्याचे दुःख मोठे. पण ज्यांच्यासाठी गायलो तेच हसतात, हे आम्हांला त्याहून जड वाटते. महाराज कोणाशी भांडले नाहीत. शिळेवर पडून राहिले, तेरा दिवस, अन्नपाण्यावाचून. वह्या कोरड्या वर आल्या. अभंग शेकडोंच्या तोंडी होते, ते बुडणार कसे, असे काही अभ्यासक म्हणतात. म्हणोत बापडे, पांडुरंगाला लोकांच्या मुखात राहायला कोणाची मनाई आहे?

इकडे रामेश्वरभटांच्या अंगाचा दाह होऊ लागला. पुण्यास अनगडशहा फकिराच्या विहिरीत स्नान केले आणि त्यांच्या शापाने हे झाले, अशी कथा आहे. भट आळंदीस माउलींना शरण गेले, तेथून तुकोबांकडे वळले. महाराजांनी हिशेब मागितला नाही. चार लोकांत माफी मागायला लावली नाही. जवळ केले.

आता थोडे स्पष्ट बोलतो. काही ठिकाणी कीर्तनात रामेश्वरभटांचे सोंग उभे करून हशा पिकवतात. टाळ्याही पडतात. आम्हांला ते बरे वाटत नाही. ज्याला महाराजांनी जवळ केले त्याला आपण अजून चावडीवर उभा ठेवला आहे. मंडळी, कथा दाहापाशी थांबवू नका, पुढची सांगा. ते भट देहूस येऊन चौदा टाळकऱ्यांत टाळ घेऊन उभे राहिले, अशी संप्रदायाची आठवण आहे.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठास गेले. आणि तुकोबांची जी आरती आपण देहूपासून पंढरीपर्यंत हात जोडून म्हणतो, ती याच रामेश्वरभटांची आहे.