मलिक अंबरची पागा

मलिक अंबर म्हटले की आपल्या शहरातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, नहर आणि गनिमी कावा. शाळेच्या पुस्तकात त्याला जेमतेम दोन परिच्छेद मिळतात. त्यात तो हबशी गुलाम म्हणून येतो, मोगलांना जेरीस आणतो, खडकी वसवतो आणि निघून जातो. घोड्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. पण या माणसाविषयी जे मिळेल ते वाचताना माझे मत पक्के होत गेले आहे की आग्र्याच्या बादशहाला त्याने पंचवीस वर्षे दख्खनच्या उंबरठ्यावर अडवून धरले, ते तलवारीपेक्षा एका साध्या जाणकारीच्या बळावर. घोडा कशाने जगतो आणि कशाने मरतो, हे त्याला नेमके ठाऊक होते.

त्याचा जन्म सुमारे १५४८ चा, इथिओपियातला. लहानपणीच तो विकला गेला. मोखा बंदर, बगदाद अशी फरपट झाली. अंबर हे नावही एका मालकाने दिलेले. १५७० नंतर केव्हातरी तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. चंगेझखान स्वतः हबशीच होता, एकेकाळचा गुलाम.

ज्या समुद्रावाटेने ही माणसे येत, त्याच वाटेने अरबी घोडेही येत. बसरा, होर्मुझकडून गलबते निघत आणि चौल, दाभोळ, गोव्याला लागत. या व्यापारात पैसा किती आणि हानी किती, हे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीसच लिहून ठेवले आहे. दक्षिणेतले राजे दरवर्षी हजारो घोडे घेतात आणि वर्ष सरेपर्यंत त्यांतले थोडेच उरतात, कारण त्यांची निगा राखणारे लोक इकडे नाहीत, अशी त्याची नोंद आहे. व्यापारी मुद्दाम नालबंदांना इकडे येऊ देत नाहीत, घोडे मेले म्हणजे नवे खपतात, असा आरोपही तो करतो. खरेखोटे देव जाणे. पण माल विकणाऱ्याला माल टिकण्यात रस नसतो, हे आजच्या गिऱ्हाईकालाही पटेल!

चंगेझखान गेल्यावर अंबर मोकळा झाला. विजापूरकरांकडे चाकरी केली, मलिक हा किताब मिळवला आणि १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्या हाताखाली दीडशेच्या आसपास स्वार होते. दीडशे हा आकडा इतिहासात किरकोळ वाटतो. पण ज्याने घोडा पाळला आहे त्याने हिशेब करून पाहावा. सव्वातीनशे किलोच्या दख्खनी घोड्याला दिवसाला सहा ते आठ किलो सुका चारा लागतो. पाणी पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यात आणि दौडीवर त्याहून बरेच जास्त. म्हणजे दीडशे घोड्यांना रोज टनभर वैरण आणि चार हजार लिटरच्या वर पाणी. दहा हजार घोड्यांचे गणित केले तर वैरण साठ-सत्तर टनांच्या घरात जाते आणि पाणी तीन लाख लिटरांच्या. हे रोजचे, आणि छावणी हलली की दुसऱ्या गावी पुन्हा पहिल्यापासून.

बरे, घोडा हे बैलासारखे रवंथ करणारे जनावर नव्हे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. त्याला थोडेथोडे, पुन्हापुन्हा खावे लागते. शिवाय त्याला ओकारी होत नाही. पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. उपाशी ठेवलेल्या घोड्यापुढे एकदम हरभऱ्याची चंदी ओतली तर पोट फुगते, आतडी अडतात आणि उमदे जनावर एका रात्रीत लोळून लोळून मरते. त्यातून वाचलेच तर खुरांच्या आतला भाग सुजतो आणि ते कायमचे लंगडे होते. म्हणून तोबरा केव्हा चढवायचा, घामेजलेल्या घोड्याला किती फिरवून गार करायचे, खरारा करताना हात कुठे थांबवायचा, हे मोतद्दाराचे ज्ञान सेनापतीच्या डावपेचाइतकेच मोलाचे होते.

अंबरच्या फौजेत हबशी होते तसे दख्खनी होते, आणि मराठे फार मोठ्या संख्येने होते. आपल्या वेरूळच्या भोसल्यांचे घराणे त्यात होते. या हलक्या स्वारांच्या लढाईला मोगल कागदांत बारगीगिरी म्हटले आहे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच जाई, म्हणून तो आधी घोड्याचे पाहून मग स्वतःच्या भाकरीकडे वळे. घोडेही बहुतेक इथलेच, भीमेच्या खोऱ्यात अरबी, तुर्की आणि गावठी रक्त मिसळून तयार झालेले. हे जनावर उंचीने लहान पण काटक, कडब्यावर निभावणारे आणि खडकाळ वाटेला सरावलेले. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली ती अगदी अलीकडे. अंबरला नोंदीची गरज पडली नाही.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असेच सगळ्यांना वाटले. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा शोधून त्याला मुर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि परांडा, मग जुन्नर, मग दौलताबाद अशी राजधानी हलवत राज्य चालू ठेवले. १६१० मध्ये अहमदनगर परत घेतले. त्याच सुमारास खाम नदीकाठच्या खडकी गावाचे शहर होऊ लागले.

१६१२ ची मोहीम मला सगळ्यांत बोलकी वाटते. जहांगीरने दोन बाजूंनी फौजा पाठवल्या. गुजरातेतून नाशिकमार्गे अब्दुल्लाखान फिरोजजंग, आणि वऱ्हाड-खानदेशकडून दुसरी फौज. दोघांनी मिळून यायचे ठरले होते. अब्दुल्लाखानाला सगळे श्रेय एकट्याला हवे होते. तो घाईने दौलताबादच्या दिशेने आला. अंबरने समोरासमोर लढाई दिलीच नाही. रसद तोडायची, चारा आणायला गेलेल्या टोळ्या कापायच्या, रात्री बाण सोडून छावणी जागी ठेवायची, असे त्याने चालवले. घोड्याला न चारा, न विसावा. शेवटी खान बागलाणातून गुजरातेत परत गेला आणि ते ऐकून दुसरी फौजही माघारी फिरली.

यातली गंमत पुढेच आहे. शालिहोत्र हे आपल्याकडचे अश्ववैद्यकाचे जुने शास्त्र, त्याच नावाच्या ऋषीचे. त्यावरूनच निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला सलोतरी म्हणत. या शास्त्राचा एक फारसी तर्जुमा शाहजहानच्या काळातला आहे, आणि तो याच अब्दुल्लाखान फिरोजजंगाच्या नावावर आहे. १७८८ मध्ये कलकत्त्याला तो इंग्रजीतही छापला गेला. घोड्याच्या आजारांचा ग्रंथ ज्याच्या नावावर राहिला, त्याचेच घोडे दौलताबादच्या वाटेवर हैराण झाले. पुढे शाहजहानने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा हाच खान अंबरच्या बाजूला येऊन उभा राहिला.

अंबर हरलाच नाही असे मात्र नव्हे. १६१६ मध्ये बदनापूरजवळच्या रोषणगावला दोन फौजांमध्ये एक नाला होता, चिखलाचा. अंबरचे निवडक स्वार त्या नाल्याशी अडकले आणि मोगल तिरंदाजांनी त्यांना टिपले. मोगलांनी खडकीत येऊन शहर उद्ध्वस्त केले. चिखल घोड्याचा जुना वैरी आहे. पाऊल रुतते, शिरा ताणतात, नाल निघते, आणि रोज ओल्यात उभे राहिलेले खूर मऊ पडून आतून सडू लागतात.

आठ वर्षांनी, १६२४ मध्ये, अहमदनगरजवळ भातवडीला तोच चिखल अंबरने शत्रूच्या पायाखाली घातला. मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले होते. त्याने तिथल्या तलावाचे पाणी सोडून दिले. वरून पाऊस. वाटा बुडाल्या, रसद थांबली, माणसे आणि जनावरे उपाशी राहिली, रोज कोणीतरी फुटून अंबरकडे येऊ लागले. मग त्याने घाव घातला. शहाजीराजे या लढाईत नावारूपाला आले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

पाण्याविषयी एक खुलासा करतो, कारण पाहुण्यांना शहर दाखवताना हमखास घोटाळा होतो. पाणचक्की अंबरची नाही, ती अठराव्या शतकातली आहे आणि तिची नहरही वेगळी. अंबरची नहर म्हणजे शहराच्या उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालून आणलेले पाणी. ती माणसांसाठी बांधली असे आपण म्हणतो. पण ज्या राजधानीच्या रस्त्यांवर हजारो घोडे उभे असत, तिथे हौदावर पहिली झुंबड कोणाची उडत असेल? त्याची जमीन महसुलाची पद्धतही मी याच नजरेने पाहतो. जमिनीची प्रत पाहून आकार ठरवला, गावचे वतनदार टिकवले. शेतकरी गावात राहिला तर कडबा राहतो, आणि कडबा राहिला तर पागा राहते.

त्याच्या पागेतले घोडे आजाराने मरत नसतील असे नाही. पावसाळ्यानंतर घोडा तापाने खंगतो, पाय सुजतात, खाऊनही हाडे दिसू लागतात, हा सर्रा रोग जुनाच आहे. त्याचा जंतू रक्तात सापडला तो १८८० मध्ये, ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला, डेरा इस्माईल खानला. गोमाशा तो पसरवतात. मुंबईला परळचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १८८६ मध्ये. आता मराठवाड्यात परभणी आणि उदगीरला महाविद्यालये आहेत, रक्त तपासून सर्रा ओळखता येतो आणि त्यावर औषध आहे.

एवढे असूनही भर मे महिन्यातल्या वरातीत, दुपारभर डांबरावर उभा राहिलेला सजवलेला घोडा पाहिला की मला राहवत नाही. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी एवढे पाहावे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट झाली नाही तर जनावराला पाणी कमी पडते आहे. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरत असेल, वळून वळून कुशीकडे पाहत असेल, लीद बंद झाली असेल, तर तो पोटशूळ आहे. त्याचे खाणे काढून घ्यावे आणि डॉक्टरला तेव्हाच बोलवावे. बाटलीने तेल पाजू नये, ते फुप्फुसात जाते. खुरात खिळा शिरला तर धनुर्वाताची लस विसरू नये, घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

अंबरच्या तालमीत तयार झालेल्या शहाजीराजांच्या मुलाने हे सगळे आणखी शिस्तीत बसवले. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. चिपळूणजवळच्या हलवर्णच्या छावणीला महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणावैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडे मरतील आणि ते तुम्हीच मारले असे होईल, असा त्याचा रोख आहे. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गंजी पेटेल, इथपर्यंत त्यात काळजी वाहिली आहे.

मलिक अंबर मे १६२६ मध्ये वारला, वयाच्या ऐंशीच्या आसपास. त्याला खुलताबादला पुरले. जहांगीरने आयुष्यभर त्याला शिव्याच दिल्या, अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडतो आहोत असे चित्रही काढवून घेतले. समोरासमोर गाठ मात्र कधी पडली नाही. बाप गेल्यावर फत्तेखानाने खडकीचे नाव फत्तेनगर केले. १६३० मध्ये पाऊस पडला नाही आणि दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ आला. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादला वेढा घातला. अंबरने इतकी वर्षे जे शत्रूच्या छावणीवर आणले होते, ते आता त्याच्या मुलाच्या गडावर आले. गडावरचा दाणागोटा संपला, रोगराई शिरली, आणि त्या उन्हाळ्यात फत्तेखानाने किल्ल्या मोगलांच्या हाती दिल्या.