रिंगमध्ये गाणारा जगज्जेता

बेलफास्टच्या किंग्ज हॉलमध्ये २३ मार्च १९४८ रोजी सातव्या फेरीत स्कॉटलंडचा जॅकी पॅटरसन कोसळला आणि रिंटी मोनॅहन फ्लायवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता ठरला. याच पॅटरसनने १९३८ मध्ये त्याला याच शहरात नॉकआउट केले होते. त्या पराभवाचे उट्टे दहा वर्षांनी निघाले.

मूळ नाव जॉन जोसेफ मोनॅहन. 'रिंटी' हे टोपणनाव मूकपटांत गाजलेल्या रिन टिन टिन या कुत्र्यावरून पडले. बेलफास्टच्या कष्टकरी वस्तीत वाढलेल्या या मुष्टियोद्ध्याला गाण्याचेही तितकेच वेड होते. लढत जिंकली की तो घामाने निथळत, रिंगमध्ये उभा राहूनच आयरिश गीत गात असे आणि प्रेक्षागृह त्याला साथ देई. कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन तटांत विभागलेल्या या शहरात त्याचे चाहते मात्र दोन्हीकडे होते.

सप्टेंबर १९४९ मध्ये टेरी ॲलनविरुद्धची लढत बरोबरीत सुटली आणि विजेतेपद त्याच्याकडेच राहिले. ही त्याची अखेरची लढत ठरली. फुप्फुसांच्या विकाराने त्याला ग्रासले होते. प्रतिस्पर्ध्यांना जे जमले नाही, ते आजाराने केले. १९५० मध्ये जगज्जेता असतानाच त्याने निवृत्ती पत्करली.

पुढे पोटासाठी त्याने टॅक्सी चालवली, पेट्रोल पंपावरही काम केले. १९८४ मध्ये त्याचे निधन झाले. बेलफास्टमध्ये त्याचा पुतळा उभा राहण्यास २०१५ साल उजाडावे लागले.