साहेबांकडे पाहुणे, शेफ आजारी!

सीनियर नेमका आजारी पडलाय, संध्याकाळी साहेबांकडे बडे पाहुणे येणार आहेत आणि सगळी जबाबदारी शिकाऊ पोरावर आलीय. टेन्शन आलं ना? १८३२ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ झाखर नावाच्या मुलावर म्हणे हीच वेळ आली होती. आडनाव आपल्या साखरेच्या जवळचं, वय जेमतेम सोळा. आणि साहेब कोण, तर ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटरनिख!

त्याला पाहुण्यांसाठी खास गोड पदार्थ हवा होता. फ्रान्झनं चॉकलेटचा केक केला, त्यावर जर्दाळूचा जॅम लावला आणि वरून डार्क चॉकलेटचं चकचकीत आवरण ओतलं. हाच तो ‘झाखर टॉर्ट’.

तसं बघितलं तर ऑस्ट्रियात चॉकलेट केकच्या पाककृती आधीही छापलेल्या होत्या. झाखर टॉर्टची खरी गंमत आहे ती जॅमच्या थरात. नुसतं डार्क चॉकलेट दोन घासांत जड वाटायला लागतं. जर्दाळूचा आंबटपणा तो जडपणा कापतो आणि कोरड्या केकला ओलावाही देतो. आमटीत गुळासोबत आमसूल पडलं की चव कशी खुलते, तसंच काहीसं. म्हणूनच चॉकलेटची रास्पबेरी किंवा चेरीशीही छान जमते.

त्या रात्रीची गोष्ट झाखर कुटुंबानं पुढे सांगितली. ती जशीच्या तशी घडली का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण फ्रान्झ एका रात्रीत स्टार झाला नाही, हे नक्की. त्यानं आधी शिक्षण पूर्ण केलं. मग प्रेसबर्ग, म्हणजे आजचं ब्रातिस्लावा, आणि बुडापेस्टमध्ये नोकरी केली. १८४८ च्या सुमारास तो व्हिएन्नात परतला आणि त्यानं खाद्यपदार्थ आणि वाइनचं दुकान टाकलं.

केकला आजचं रूप दिलं ते त्याच्या मुलानं, एडुआर्डनं. डेमेल या नामांकित बेकरीत शिकताना त्यानं तो सुधारला आणि १८७६ मध्ये हॉटेल झाखर सुरू केलं. १८९२ मध्ये एडुआर्ड गेला. फ्रान्झ मात्र नव्वदी गाठून १९०७ मध्ये गेला.

पुढे ‘ओरिजिनल’ कुणाचा, यावरून हॉटेल आणि डेमेल कोर्टात गेले. १९५४ मध्ये सुरू झालेलं भांडण १९६३ मध्ये तडजोडीनं मिटलं. ‘ओरिजिनल’ हा शब्द हॉटेलला मिळाला. वादाचा एक मुद्दा तर भन्नाट होता: जॅमचा थर एक की दोन? आजही हॉटेलच्या केकमध्ये जॅम मधोमध आणि आवरणाखाली असा दोनदा असतो, डेमेलच्या केकमध्ये फक्त आवरणाखाली.

एका शिकाऊ पोरानं लावलेल्या आंबट थरासाठी मोठमोठे वकील वर्षानुवर्षं भांडले! आता तुम्हीही डार्क चॉकलेटचा एक तुकडा नुसता खा, दुसरा आंबट जॅम लावून. निकाल तुमचा तुम्हीच द्या.