आज्ञाधारक माणसाचा शोध

न्यूयॉर्कमधील एका ज्यू बेकरी कारागिराच्या घरी १५ ऑगस्ट १९३३ रोजी जन्मलेले स्टॅन्ले मिलग्रॅम यांना एका प्रश्नाने पछाडले होते: नाझी राजवटीत साधी माणसे हुकमाची ताबेदार कशी झाली?

१९६१ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी प्रयोग आरंभले. उत्तर चुकले की पलीकडच्या खोलीतील व्यक्तीस विजेचा झटका द्यायचा, दर वेळी वाढता. झटके अर्थातच खोटे आणि ती व्यक्ती सोंग वठवणारी. मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले.

अधिकाऱ्यापुढे माणूस जबाबदारी झटकून त्याचे केवळ हत्यार बनतो, हा सिद्धांत त्यांनी १९७४ च्या ग्रंथात मांडला. मात्र त्यांचीच आकडेवारी त्याला पुरती साथ देत नाही. 'बळी' त्याच खोलीत बसवताच शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात स्वतः दाबून धरावा लागला तेव्हा ३० टक्क्यांवर. मन खरोखर गहाण पडले असते, तर हा फरक कशाला पडता? आणि ज्यांनी आज्ञा पाळली, त्यांनाही घाम का फुटता?

नीतिमत्तेच्या वादाने मिलग्रॅम यांची पाठ सोडली नाही. हार्वर्डने कायम पद नाकारले. २० डिसेंबर १९८४ रोजी ५१ व्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १५० व्होल्टवर थांबवलेल्या प्रयोगात ७० टक्के लोक पुढे जाण्यास तयार होते. आकडे बव्हंशी टिकले. वाद उरला तो कारणाचा.