लोहाराचा मुलगा आणि माझी गिटार

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला जे हजर होते, त्यांना माझी फजिती आठवत असेलच. पडदा वर गेला, मी गिटार गळ्यात अडकवली, अँप्लिफायरचे बटण दाबले आणि गाणे सुरू होण्याआधीच सभागृहात एक भलामोठा भुंगा शिरल्यासारखा आवाज घुमू लागला. सुरावर वाजवावे तर भुंग्याचा सूर वेगळा! मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या आणि एका कडव्यातच मी आत पळालो. ती गिटार मी सुट्टीत काम करून, पै पै साठवून घेतलेली. वडिलांचा तिला पहिल्यापासून विरोध. त्यामुळे त्या रात्री दिघाशीला घरी परतताना मला गिटारपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटत होती.

मित्रांनो, या लेखाचा विषय माझी फजिती नव्हे. तिच्या निमित्ताने ज्या माणसाची मला ओळख झाली, तो मायकेल फॅरेडे हा विषय आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने शास्त्रज्ञावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण हा माणूसही शास्त्राच्या दारात पुढच्या नव्हे, मागच्या दरवाजाने शिरला होता.

माझे मामा भिवंडीत मोटारी रिवाइंड करतात. यंत्रमागांच्या त्या गावात जळालेल्या मोटारींना तोटा नाही. शिक्षण सातवीपर्यंत, पण तांब्याच्या तारेची भाषा त्यांना येते. उन्हाळ्यात ते दिघाशीला आले तेव्हा मी रडगाणे गायले. त्यांनी गिटार मागवली, वाजवून पाहिली आणि मला एकेका ठिकाणी बोट लावायला सांगितले. तारांना हात लावला, भुंग्यात काही फरक नाही. जिथे वायर खुपसतात त्या जॅकच्या धातूला बोट लावले, तर भुंगा एकदम दबला. मामा हसले. तारा ज्या पट्टीवर बसवलेल्या असतात त्या पट्टीपासून जॅकपर्यंत आतून एक वायर जाते, ती तुटलेली असणार, हे त्यांनी न उघडताच सांगितले. अँप्लिफायर बंद करून, पिन काढून गिटार उघडली, तर खरोखरच सोल्डरचा सांधा सुटलेला! तो जोडला. आता तारांना हात असेपर्यंत आवाज बंद, हात काढला की पुन्हा सुरू. म्हणजे आपले शरीर आसपासच्या वायरिंगमधला विजेचा गोंगाट गोळा करून गिटारला देत होते आणि गिटारचे लाकडी पोट तो मुकाट आत घेत होते. यावर मामांनी उपाय सांगितला: ते पोट आतून तांब्याच्या पातळ पट्टीने मढवायचे आणि ती पट्टी अर्थच्या वायरला जोडायची. हे का, असे विचारल्यावर त्यांनी फॅरेडेचे नाव घेतले. त्यांच्या गुरूकडून ऐकलेले तेवढे एक नाव त्यांना माहीत होते. पुढचे शोधायचे काम माझ्यावर आले.

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे झाला. वडील जेम्स लोहार होते, तब्येतीने नेहमी अधू. घरात खाणारी तोंडे अनेक आणि मिळकत बेताची. अशा घरात शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब. १८०४ साली, तेराव्या वर्षी, तो जॉर्ज रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी तिथेच सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणी शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो आधी वाचून काढी. विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याला असाच भेटला. जेन मार्सेट या बाईंनी सर्वसामान्यांसाठी लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकाने तर त्याला वेडच लावले. चार पैसे वाचवून तो त्यातले प्रयोग करून पाहू लागला.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडेने टिपणे घेतली, ती सुवाच्य अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या, आपल्याच हाताने ती सुमारे तीनशे पानांची वही बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. बांधणाऱ्या हातांनीच त्याचे नशीब बांधले म्हणायचे. मार्च १८१३ मध्ये तो तिथे प्रयोगशाळेतला मदतनीस झाला. त्याच वर्षी डेव्हींबरोबर तो युरोपच्या लांबच्या प्रवासाला निघाला. या प्रवासात त्याला शास्त्राच्या कामाबरोबर डेव्हींच्या खासगी नोकराचेही काम करावे लागले. लेडी डेव्ही तर त्याला नोकरच समजत. अपमान गिळून त्याने ते दिवस काढले. पण व्होल्टा, अँपिअर यांसारखी माणसे जवळून पाहिली. ते त्याचे विद्यापीठ.

१८२१ साली सारा बर्नार्डशी त्याचा विवाह झाला आणि त्याच वर्षी त्याने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली. मामा ज्या मोटारी गुंडाळतात, त्यांची ही मूळ आजी! मात्र या शोधाने त्याला मानाबरोबर मनस्तापही दिला. वोलस्टन यांची कल्पना उचलल्याचा प्रवाद उठला. १८२४ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्याला मिळाले, पण त्याला विरोध केला तो खुद्द डेव्हींनी. शिष्य मोठा झालेला गुरूला सोसवला नाही. फॅरेडेने मात्र डेव्हींविषयीचा आदर अखेरपर्यंत सोडला नाही.

विजेपासून चुंबकत्व मिळते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले होते. मग चुंबकापासून वीज का मिळू नये? या प्रश्नाने फॅरेडेचा जवळजवळ दहा वर्षे पिच्छा पुरवला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने सहा इंच व्यासाची लोखंडी कडी घेतली आणि तिच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारांची दोन वेटोळी गुंडाळली. वेष्टण घातलेली तार तेव्हा बाजारात मिळत नसे. म्हणून त्याने वेढ्यांमध्ये दोरा आणि थरांमध्ये सुती कापड घातले. त्या कापडाचे इंग्रजी नाव आपल्या कालिकतवरून पडलेले, हे भिवंडीच्या विणकऱ्यांना सांगायला हरकत नाही. एका वेटोळ्यात वीज सोडताक्षणी दुसऱ्याला जोडलेली सुई थरथरली आणि स्थिरावली. वीज तोडताच पुन्हा थरथरली. वाहत्या विजेने नव्हे, तर बदलत्या चुंबकत्वाने वीज जन्मते, हे त्याला उमगले. ऑक्टोबरमध्ये नुसता चुंबक वेटोळ्यात आतबाहेर करून त्याने तोच परिणाम दाखवला. आजची बहुतेक वीजकेंद्रे या एका थरथरीवर उभी आहेत. आणि माझी गिटारही! तिच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकत्व हलते आणि वेढ्यांत वीज उमटते.

१८३६ च्या जानेवारीतला प्रयोग तर नाटकासारखा आहे. फॅरेडेने बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि तितकीच उंच अशी लाकडी चौकट उभी केली. ती तारांनी, कागदाने आणि धातूच्या पातळ पत्र्याने मढवली. मग पेटती मेणबत्ती आणि वीज ओळखणारी उपकरणे घेऊन स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून यंत्राने तिला एवढी वीज दिली की पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागल्या. आत उपकरणाचे पानही हलले नाही. धातूच्या घराला दिलेली वीज बाहेरच्या अंगाला राहते, आत शिरत नाही. यालाच आज फॅरेडेचा पिंजरा म्हणतात. मामा आणि मी गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवत होतो, पट्ट्यांचे सांधे सोल्डरने जोडत होतो, तेव्हा आम्ही तोच पिंजरा लहानसा करून बांधत होतो. मधली जिवंत वायर पट्टीला टेकू नये म्हणून तेवढी टेप लावली. भुंगा गेला.

पण पुरता नाही. एक बारीक घुं उरलेच, आणि गिटार फिरवली की ते कमीजास्त होई. इथे मामाही थबकले. उत्तर मला १८३१ च्या कडीत सापडले. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचे चुंबकत्व त्याच तालात बदलते आणि पिकअपची वेटोळी त्याला गिटारची तारच समजतात. पातळ तांबे विजेचा गोंगाट अडवते. इतके संथ बदलणारे चुंबकत्व अडवत नाही. त्यावर उपाय दोनच: ट्रान्सफॉर्मरपासून दूर, कोन साधून उभे राहणे, नाहीतर एकमेकांविरुद्ध जोडलेल्या दोन वेटोळ्यांचा पिकअप बसवणे, ज्यात गोंगाट गोंगाटाला खातो आणि सूर सुराला मिळतो. मामांनी आणखी एक बजावले: आवाज घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंग कधीही तोडायची नाही. तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि बोटे तारांवर असतात. तिथे चूक झाली तर सूर नव्हे, जीव जातो.

फॅरेडेचे उत्तरायुष्य थोडक्यात सांगतो. गणित त्याला जवळजवळ येतच नसे. त्याने बलरेषांची चित्रे मनात पाहिली आणि पुढे मॅक्सवेलने ती समीकरणांत मांडली. मुलांसाठी नाताळातली व्याख्याने त्याने एकोणीस वर्षे दिली. मेणबत्तीवरची मालिका तर जगभर वाचली गेली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले, सरदारकीही नाकारली. स्मरणशक्ती हळूहळू दगा देत गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे राणीने दिलेल्या घरात त्याने देह ठेवला. राजेरजवाड्यांच्या शेजारची जागा नको असल्याने त्याचे दफन हायगेटच्या साध्या दफनभूमीत झाले.

दहावीला गणितात काठावर पास झाल्यापासून विज्ञान आपले नव्हे, अशी गाठ मी मनाशी मारली होती. ती गाठ या पुस्तकबांधणाऱ्याने सोडवली. यंदाच्या संमेलनात मी पुन्हा वाजवले. अँप्लिफायरपासून दूर, जरा तिरका उभा राहून. माझे तसे उभे राहणे पाहून काहींना हसू आले असेल. वडील शेवटच्या रांगेत मामांच्या शेजारी बसले होते. गाणे संपल्यावर ते काही बोलले नाहीत. पण परतताना गिटारची पेटी त्यांनी माझ्या हातून घेतली आणि दिघाशीपर्यंत आपल्या मांडीवर ठेवली.