कै. नेव्हिल डिसूझा : एक विस्मृत क्रीडावीर

प्रतिवर्षी आपल्या मंडळाच्या या स्मरणिकेत समाजातील दानशूर, विद्वान व अधिकारपदास पोहोचलेल्या सद्गृहस्थांची चरित्रे प्रसिद्ध होत असतात, आणि ते सर्वथैव योग्य आहे. यंदा मात्र समाजबंधु-भगिनींची अनुज्ञा घेऊन आम्ही एका अशा पुरुषाचे चरित्र सादर करीत आहोत, की जो ना आपल्या ज्ञातीचा, ना आपल्या खानदेशाचा. तो जन्माने गोमंतकीय, धर्माने ख्रिस्ती आणि कर्माने फुटबॉलपटू होता. गुणास जात नसते, हे आपण सभा-संमेलनांतून नेहमी बोलतो. ते एकदा आचरावे, एवढाच आमचा हेतू. दुसराही एक हेतू आहे, तो लेखाच्या अखेरीस निवेदन करू.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात, आसगाव या गावी झाला. गोवा त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली होता. तो मुक्त झाला १९६१ साली. उदरनिर्वाहाची साधने तेथे तोकडी असल्यामुळे हजारो गोवेकर कुटुंबे मुंबईची वाट धरीत. कोणी बोटीवर खलाशी, कोणी बल्लव, कोणी वादक, तर कोणी कचेरीत कारकून होई. धोबीतलाव, भायखळा, माझगाव या भागांत त्यांच्या वसाहती असत, आणि गावोगावच्या मंडळींनी चालविलेली ‘कूड’ नावाची वसतिगृहेही असत. या लोकांनी मुंबईस येताना दोन गोष्टी सोबत आणल्या : एक संगीत व दुसरी फुटबॉल. नेव्हिल यांची कर्मभूमीही मुंबईच ठरली. त्यांचे बंधू डेरिक हेही पुढे नामांकित फुटबॉलपटू झाले.

आजच्या तरुणांस हे सांगितले पाहिजे, की त्या काळी केवळ खेळावर पोट भरण्याची सोय नव्हती. मोठमोठ्या कंपन्या, रेल्वे व बँका आपापले संघ बाळगीत आणि खेळाडूस नोकरी देत. दिवसा कचेरी आणि सायंकाळी मैदान, असा तो क्रम होता. नेव्हिल प्रथम टाटा स्पोर्ट्स क्लबकडून व पुढे कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाकडून खेळले. कुपरेजचे मैदान ही त्यांची रणभूमी. मुंबई प्रांताने राष्ट्रीय अजिंक्यपदाची संतोष करंडक स्पर्धा १९५४ साली जिंकली, तेव्हा ते त्या संघात होते. आणि १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स करंडक १९५८ साली कॅलटेक्सने पटकावला, त्याही यशात त्यांचा वाटा होता. त्यांची जागा सेंटर फॉरवर्डची, म्हणजे आघाडीच्या फळीच्या मध्यभागाची. गोल करणे हेच या जागेवरील खेळाडूचे मुख्य काम. त्याने दहा संधी दवडल्या तर निंदा त्याचीच, आणि एक साधली तर जयजयकारही त्याचाच.

आता ज्या प्रसंगामुळे हे नाव इतिहासात राहिले, त्याकडे वळू. तत्पूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्या संघाचा १० विरुद्ध १ अशा गोलांनी पराभव केला होता. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. थंड प्रदेशातील मैदानावर त्यांचा निभाव लागला नाही. त्या मानहानीनंतर बूट घालून खेळण्याची सक्ती झाली. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते व्यवसायाने शाळामास्तर होते, ही गोष्ट आम्हांसारख्या शिक्षकास विशेष अभिमानाची वाटते. त्यांच्या जीवनावरील ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली निघाला. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल.

१९५६ चे ऑलिंपिक ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे भरले. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी पडावयाची होती. परंतु त्या देशात रशियन फौजा शिरून रक्तपात झाला आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्यामुळे भारत न खेळताच पुढील फेरीत गेला. तेथे समोर उभा राहिला यजमान ऑस्ट्रेलिया. दिवस होता १ डिसेंबर १९५६. मैदान त्यांचे, हवा त्यांची, प्रेक्षकही त्यांचेच.

नवव्या मिनिटास नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने तो फेडला. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. मध्यंतरापूर्वी यजमानांनी तोही फेडला. दोनदा मिळविलेली आघाडी दोनदा हातची गेली, म्हणजे कोणाचाही धीर खचावा अशीच ती वेळ. परंतु उत्तरार्ध सुरू होऊन पाचच मिनिटे झाली असता नेव्हिल यांनी तिसऱ्यांदा चेंडू जाळ्यात धाडला. ती आघाडी मात्र कायम टिकली. अखेरीस कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा गोल केला व भारत ४-२ असा विजयी झाला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू होत, आणि त्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई संघ होय.

उपांत्य सामना ४ डिसेंबर रोजी झाला, आणि तोही युगोस्लाव्हियाशी! चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढविले होते, त्यांना आपल्या मुलांनी पूर्वार्धात एकही गोल करू दिला नाही. उत्तरार्धाच्या प्रारंभी नेव्हिल यांनीच गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. काही क्षण भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. नंतर मात्र प्रतिपक्षाचे बळ प्रकट झाले व आपण ४-१ असे हरलो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. पदक हुकले. तथापि स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत युगोस्लाव्हिया व बल्गेरियाच्या प्रत्येकी एका खेळाडूबरोबर तिसरे नाव नेव्हिल डिसूझा यांचे होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

यानंतर त्यांचा गौरव कसा झाला, असे वाचक विचारतील. १९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. मेलबर्नच्या संघातील पी. के. बॅनर्जी यांस पहिल्याच वर्षी व तुलसीदास बलराम यांस पुढच्या वर्षी तो लाभला. ते दोघेही थोर खेळाडू होते, यात शंका नाही. परंतु अर्जुन पुरस्काराच्या यादीत नेव्हिल डिसूझा हे नाव कोठेही आढळत नाही. १६ मार्च १९८० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारताचा फुटबॉल संघ १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर त्या स्पर्धेत पुन्हा उतरू शकलेला नाही. मेलबर्नचे चौथे स्थान हे आजही आपले सर्वोच्च स्थान आहे.

वाचकहो, आता आमचा दुसरा हेतू. आम्ही छत्तीस वर्षे मास्तरकी केली. त्या काळातील एक गोष्ट आमच्या मनास सलते. आमच्या वर्गात आपल्याच समाजाचा एक मुलगा होता. कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या रानात तो फाटका चेंडू घेऊन तासन्‌तास धावे, आणि पाय असा चाले की पाहातच राहावे. वार्षिक परीक्षेत तो दोन विषयांत नापास झाला. त्याचे वडील शाळेत आले. आम्ही त्यांच्यादेखत त्याचा चेंडू काढून घेतला, कपाटात ठेवून कुलूप लावले आणि कर्तव्य बजावल्याचे समाधान मानले. मुलगा पुढच्या वर्षी पास झाला, पुढे नोकरीसही लागला. परंतु चेंडूला त्याने पुन्हा कधी पाय लावला नाही. तो मोठा खेळाडू झालाच असता, असे आम्ही म्हणत नाही. तसे पाहण्याची संधी आम्ही उरू दिली नाही, एवढेच म्हणतो.

आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात दहावी-बारावीचे गुण वाचले जातात, टक्क्यांप्रमाणे बक्षिसे दिली जातात व पालकांचे डोळे आनंदाने भरून येतात. ते तसेच चालावे. परंतु जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेल्या आपल्या कुटुंबांत कोणी मुलगा कुस्ती करतो, कोणी मुलगी खो-खोत जिल्ह्यास खेळते, कोणी फुटबॉलमागे धावतो. त्यांचे नाव व्यासपीठावरून कधी उच्चारले जात नाही. सरकारने नेव्हिल डिसूझा यांस विसरावे, याबद्दल आपण हळहळतो. मग आपण तरी आपल्या घरचे कोण लक्षात ठेवतो?

येत्या वर्षापासून गुणगौरवाच्या यादीत खेळाडूंसाठी एक स्वतंत्र बक्षीस असावे, अशी आमची मंडळाच्या कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. बक्षीस लहान असले तरी चालेल. पहिल्या वर्षीचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ, आणि बक्षीस म्हणून एक नवा फुटबॉल द्यावा, एवढी इच्छा व्यक्त करून ही लेखणी खाली ठेवतो. इति.