ओटो शॉट

फ्रीडरिश ओटो शॉट (जन्म : १७ डिसेंबर १८५१, विटेन, मृत्यू : २७ ऑगस्ट १९३५, येना) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ, काचतंत्रज्ञ आणि उद्योजक होते. उष्णतारोधक बोरोसिलिकेट काचेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. काचेचे गुणधर्म तिच्या रासायनिक घटकांवर कसे अवलंबून असतात, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. त्यामुळे कारागिरांच्या अनुभवावर चालणाऱ्या या व्यवसायाला शास्त्रीय पाया मिळाला.

== बालपण आणि शिक्षण ==
शॉट यांचे वडील खिडक्यांच्या काचेचे उत्पादक होते; त्यामुळे काचभट्टीचा परिचय त्यांना लहानपणापासूनच होता. आखेन, व्युर्त्सबुर्ग आणि लाइपझिश येथे त्यांनी शिक्षण घेतले. १८७५ मध्ये येना विद्यापीठाने त्यांना काचनिर्मितीविषयक प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली.

== येना येथील कार्य ==
१८७९ मध्ये शॉट यांनी लिथियमयुक्त काच तयार केली आणि तिचे नमुने येना येथील भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट अबे यांच्याकडे तपासणीसाठी पाठवले. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांसाठी अबे यांना नव्या प्रकारच्या काचेची गरज होती. या पत्रव्यवहारातून दोघांचे सहकार्य सुरू झाले. १८८२ मध्ये शॉट येना येथे स्थायिक झाले. १८८४ मध्ये अबे, कार्ल त्साइस आणि त्यांचे पुत्र रोडेरिश यांच्यासह त्यांनी काचतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. पुढे तिचे रूपांतर मोठ्या कारखान्यात झाले.

त्या काळच्या तापमापींमध्ये एक गंभीर दोष होता. एकदा तापलेली काच थंड झाल्यावर लगेच मूळ आकारमानावर येत नसे, त्यामुळे तापमापीचा शून्यबिंदू सरकत असे. काचेतील अल्कली घटकांचे प्रमाण बदलून शॉट यांनी हा दोष बराच कमी केला.

== उष्णतारोधक काच ==
१८८७ ते १८९३ या काळात शॉट यांनी बोरॉन ऑक्साइडयुक्त काच विकसित केली. काचेचा एक भाग तापून प्रसरण पावतो आणि दुसरा थंडच राहतो, तेव्हा दोहोंमध्ये ताण निर्माण होऊन काच तडकते. प्रसरणच कमी केले की ताणही कमी होतो. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंश सेल्सियसने तापवल्यास साधी काच सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढते. आजची प्रमाणित बोरोसिलिकेट काच मात्र सुमारे ०.३३ मिलिमीटरनेच वाढते. ही नवी काच गॅसबत्तीच्या चिमण्यांसाठी आणि प्रयोगशाळेतील पात्रांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली.

== यीस्टसंवर्धनातील उपयोग आणि दक्षता ==
एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बिअरच्या यीस्टचे शुद्ध संवर्धन केले. अशा संवर्धनासाठी माल्टचे द्रावण उकळून निर्जंतुक करणे, थंड करणे आणि मग त्यात यीस्ट सोडणे आवश्यक असते. आज घरगुती बिअर बनवणारे हौशी लोक हीच क्रिया बोरोसिलिकेट काचेच्या शंकुपात्रात करतात. शंकुपात्राचा हा आकार एमिल एर्लेनमायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रूढ केला.

उष्णतारोधक म्हणजे अभंग नव्हे. शॉट यांच्या पद्धतीमुळे ताण कमी झाला, नाहीसा झाला नाही. म्हणून पुढील दक्षता आवश्यक ठरते :

* साधी काच दिसायला सारखीच असते; म्हणून पात्रावर बोरोसिलिकेट ३.३ अशी नोंद पाहावी.
* चरा, टवका किंवा तडा असलेले पात्र तापवू नये; ताण तेथेच एकवटतो.
* शेगडीवर तारेची जाळी ठेवून मंद आचेने तापवावे. अरुंद मानेमुळे फेस झपाट्याने वर येतो, म्हणून पात्र निम्म्यापेक्षा जास्त भरू नये.
* उकळताना किंवा किण्वन चालू असताना घट्ट बूच लावू नये. वाफेचा अथवा कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढून पात्र फुटू शकते. तोंडावर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी सैलसर ठेवावी.
* तापलेले पात्र ओल्या ओट्यावर किंवा बर्फात ठेवू नये. अचानक थंड झाल्याने बाहेरचा पृष्ठभाग आकुंचन पावून ताणला जातो आणि ताण सोसण्याची काचेची क्षमता कमी असते. आधी लाकडी फळीवर निवू द्यावे, मग कोमट आणि शेवटी गार पाण्यात ठेवावे.

== उत्तरायुष्य आणि वारसा ==
अबे यांनी १८८९ मध्ये कार्ल त्साइस प्रतिष्ठान स्थापन केले होते. १९१९ मध्ये शॉट यांनी कारखान्यातील आपला हिस्सा या प्रतिष्ठानाकडे सुपूर्द केला. १९२६ मध्ये ते कामातून निवृत्त झाले. दरम्यान १९१५ पासून अमेरिकेतही पायरेक्स या नावाने बोरोसिलिकेट काचेची भांडी विकली जाऊ लागली होती. शॉट यांच्या मृत्यूनंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकी सैन्याने कारखान्यातील निवडक तज्ज्ञांना पश्चिम जर्मनीत हलवले. तेथे माइन्त्स शहरात १९५२ मध्ये नवा कारखाना उभा राहिला. शॉट यांचे नाव आजही त्या उद्योगाला आहे. प्रयोगशाळांतील चंचुपात्रे, शंकुपात्रे आणि परीक्षानळ्या आजही प्रामुख्याने त्यांनी विकसित केलेल्या प्रकारच्या काचेपासून बनतात.